न दाखवलेला भाग

पार्से, पेडणे
८ फेब्रुवारी १९८७, रविवार

चि. सौ. विनितास, अण्णांचे अनेक आशीर्वाद.

आजचा मालिकेचा भाग निम्मा वाया गेला आणि त्याला बाबली पाडेली जबाबदार आहे. विहिरीकडच्या माडाला अँटेना बांधल्यापासून ती फिरवायला तोच वर चढतो, हे तुला माहीत आहेच. आज तो वरून ओरडत होता, "मास्तरानू, आता दिसता?" आणि मी खालून, "नाय रे, नुसते मुंगये!" शेवटी चित्र आले तेव्हा आपण ज्याला तांडेल म्हणतो तो कप्तान यानातून उतरून लाल मातीच्या कुठल्याशा ग्रहावर उभा होता. ग्रह थेट तुमच्या डिचोलीच्या खाणीसारखा. यानाचा मिस्त्री मागे उभा राहून घाम पुसत होता. ती माणसे बोलतात ते इंग्रजी तोंडातल्या तोंडात, मला एवढ्या वर्षांच्या मास्तरकीनंतरही दहातले दोन शब्द कळतात. तू इथे होतीस तेव्हा आपण दोघे चित्रांवरून गोष्ट जुळवायचो आणि त्यावरून जेवणापर्यंत भांडायचो. आता एकट्याने जुळवतो. त्यात काही मजा नाही, चूक काढायला समोर कोणीतरी लागते. तुमच्याकडे टीव्ही मोठा आहे म्हणे. रविवारी सकाळी ही अंतराळाची मालिका तुला बघू देतात ना?

कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली. मराठीलाही खाली कुठेतरी जागा दिली आहे, नको असलेल्या पाहुण्याला दाराकडची खुर्ची देतात तशी. तुझ्या सासऱ्यांनी दुकानात पेढे वाटले असतील. वाटू देत.

जानेवारीत तुमच्या बाल्कावात, दारापुढच्या ओसरीवर, जे झाले ते मी विसरलेलो नाही. मी एवढेच म्हटले की ज्याला मराठी वाचता येत नाही त्याने भाषेच्या वादात तोंड घालू नये. त्यावर तुझे सासरे गोकुळदासबाब चार माणसांत मला म्हणाले, "मास्तर, म्हज्या घरांत बसून म्हाकाच शिकयतात?" भरलेला चहा तसाच ठेवून मी उठलो. आता त्यांनी बोलावल्याशिवाय मी ती पायरी चढणार नाही.

पण शिमग्याला तुला आणायला हवे. रीतीप्रमाणे मुराळी गेल्याशिवाय लेक माहेरी निघत नाही, आणि आपल्या घरात मुराळी म्हणून जायला माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही. ही मोठीच पंचाईत. तुझ्या सासऱ्यांनीच कोणाबरोबर तरी पोचवून द्यावे, असे तू सुचवून बघ.

जावईबापूंचे बहारीनहून काय वर्तमान? लग्नाची हळद उतरायच्या आत विमानात बसले. पत्राने तरी भेटत असतील.

तुझा,
अण्णा


डिचोली
१८ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप अण्णांना विनिताचा नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. संध्याकाळी सासूबाईंनी ते बाल्कावात बसून सगळ्यांना वाचून दाखवले. मामंजी पोर्तुगीज शाळेत शिकलेले, हाताने लिहिलेली देवनागरी त्यांना लागत नाही. त्यामुळे या घरात येणारे प्रत्येक पत्र सासूबाई वाचतात आणि जाणारेही त्याच वाचून, चिकटवून पोस्टात देतात. पेढ्यांचे आणि चहाचे त्यांनी बहुतेक गाळले असावे, कारण कोणी रागावले नाही. मालिकेचा मजकूर आला की मामंजी हात हलवून म्हणतात, "तें सोड, फुडलें वाच." मग सासूबाई उडी मारतात. तुमचा तांडेल या घरात कोणाला ऐकायचा नाही.

शिमग्याचे विचारले. मामंजी म्हणाले, "मुराळी येवं दी, मागीर पळोवया." म्हणजे आधी मुराळी येऊ दे, मग बघू. कोणाबरोबर पोचवून देण्याचे काढले तर ते हसले आणि दुकानात गेले.

ह्यांचे पत्र मामंजींच्या नावाने दुकानावर येते. सगळे ठीक आहे असे मामंजी सांगतात. चतुर्थीला येणार असेही सांगतात. बाजारातले कोणी ह्यांची चौकशी करत आले की मामंजी मला पाणी घेऊन बाहेर बोलावतात आणि पाहुण्याला म्हणतात, "सून घरांत आसा न्हय? चलो खंय वता?" सून घरी असताना मुलगा जाणार कुठे, असे. मी पाणी ठेवून आत जाते.

मालिका दर रविवारी बघते. या खेपेचा भाग पाहिला. तांडेल वाचला. अजून काही लिहिण्यासारखे नव्हते.

अण्णा, हल्ली मला एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते. जनेल, ती रस्त्याकडची खिडकी, उघडते, पुसते, लावते, पुन्हा उघडते. बाकी घरात सगळे ठीक आहे. जेवायला चांगले असते.

तुमची,
विनू

ता. क. सौ. विनिता सुखरूप आहे. काळजी नसावी. विनिताची सासू, सौ. विनोदिनी.


पार्से, पेडणे
१ मार्च १९८७, रविवार

चि. सौ. विनितास, अनेक आशीर्वाद.

"मुराळी येवं दी!" म्हणजे मीच खाली मान घालून यावे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. तुझे सासरे दुकानदार आहेत, गिऱ्हाइकाला कसे परत यायला लावायचे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मी गिऱ्हाईक नाही. वर्तमानपत्राला भाषेच्या प्रश्नावर मोठे पत्र पाठवले होते. अर्धे छापले, तेही शेवटच्या पानावर, शिमग्याच्या कार्यक्रमांच्या खाली. तेव्हापासून डोके फिरले आहे. अंगणात फेऱ्या मारतो, मग परसात, मग पुन्हा अंगणात. बाबली म्हणतो, "मास्तर, तुम्ही चलून चलून अंगणाची वाट केल्यात."

आता तुझ्या पत्राविषयी. "बघते" आणि "पाहिला" एकाच पत्रात नको, एक काय ते ठरव. तीन ठिकाणी अनुस्वार गळले आहेत, लाल शाईने खुणा करून ठेवल्या आहेत, आलीस की दाखवीन. घासलेली भांडी पुन्हा घासण्यात काही हशील नाही. ते रिकाम्या डोक्याचे लक्षण आहे. सासरी चांगले जेवायला मिळते, काम माफक आहे, मग वाचन का करत नाहीस? तुझी आईदेखील पहिल्या वर्षी अशीच सैरभैर असायची, असे ती मागाहून सांगायची. होते ते सगळ्यांनाच. सवय होईल.

मला खरा राग आला तो मालिकेवरून. "तांडेल वाचला. अजून काही लिहिण्यासारखे नव्हते." हे काय लिहिणे झाले? आमचे चित्र निम्मे वेळा जाते, तुमचे स्वच्छ येते, आणि तू मला एका ओळीवर उडवतेस! यापुढे एक भाग तरी नीट लिहून पाठव. आधी स्थळ, मग पात्रे, मग प्रसंग, शेवटी तुझे मत. मी जन्मभर शाळेत हेच शिकवत आलो आणि माझ्याच घरात त्याचा उजेड पडला नाही.

शिमग्याला यंदा तू नसशील असे दिसते. माझा इलाज नाही. माझ्या जागी दुसरा स्वाभिमानी माणूस असता तर त्यानेही हेच केले असते.

तुझा,
अण्णा


डिचोली
१८ मार्च १९८७

तीर्थरूप अण्णांना विनिताचा नमस्कार.

तुम्ही रागावलात म्हणून या खेपेला सविस्तर लिहिते. पंधरा तारखेच्या रविवारचा भाग आहे. तुम्ही सांगितलेत त्याच क्रमाने.

स्थळ. समुद्राकाठचा एक ग्रह. त्यावर एक गाव आणि गावात एक चांगले घर, मोठ्या बाल्कावाचे. त्या घराच्या जनेलात एक बाई बसवलेली आहे.

पात्रे. ती बाई. त्या घरातली मोठी माणसे. वर आकाशात आपला तांडेल आणि त्याचे यान. आणि एक माणूस, जो संपूर्ण भागात कुठेच दिसत नाही.

प्रसंग. तो न दिसणारा माणूस म्हणजे त्या बाईचा नवरा. तो दुसऱ्या यानातून दूर गेला आहे. घरातली माणसे तिला रोज सांगतात की तो निघाला, आता पोचेल. पण त्याचे यान कधीच दुसऱ्या ग्रहावर उतरले आहे आणि तिथे त्याने दुसरीबरोबर घर मांडले आहे. हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक आहे. बाईलाही आता कळले आहे. तिला कळले आहे हे मात्र त्यांना ठाऊक नाही. त्यांची समजूत अशी की ती जनेलात दिसते आहे तोवर गावात घराची अब्रू शाबूत आहे आणि कदाचित तिच्या ओढीने तो परतही येईल. म्हणून ते तिला उठू देत नाहीत. कोणी मारत नाही, कोणी उपाशी ठेवत नाही. तिला बसून बसून वेड लागायची पाळी आली आहे, पण चेहऱ्यावर दाखवायची सोय नाही, कारण रस्त्यावरून येणारे-जाणारे बघत असतात.

त्या ग्रहाची रीत अशी की तिच्या माणसांपैकी कोणी खाली उतरून आले तरच तिला त्या जागेवरून उठता येते. एकटी उठली तर तिच्या मागे तिच्या माणसांचीच छी-थू होते. तांडेल तिच्या माणसांपैकी आहे. त्याचे यान अगदी वर उभे आहे, तिला ते जनेलातून दिसते. पण तो उतरत नाही. का उतरत नाही हे मला नीट कळले नाही. बहुतेक त्याचे कोणाशी तरी वाजले होते.

भाग तिथेच संपला.

माझे मत. मला तो बघवला नाही, अण्णा.

तुमची,
विनू

ता. क. त्या रविवारचा भाग मीही पाहिला. सौ. विनिताने लिहिला आहे तस्साच होता. सौ. विनोदिनी.


पार्से, पेडणे
२२ मार्च १९८७, रविवार

चि. सौ. विनितास, आशीर्वाद.

तू मला काय समजतेस? पंधरा तारखेच्या रविवारी मालिका लागलीच नाही! सकाळपासून क्रिकेटचा सामना चालू होता. बाबली बिचारा माडावर चढून अँटेना चहूबाजूंनी फिरवून थकला आणि शेवटी वरूनच ओरडला, "मास्तर, अँटेना बरी आसा! मॅच लावल्यानी ती!" आणि तू मला त्याच दिवसाचा भाग स्थळ, पात्रे, प्रसंगासहित लिहून पाठवतेस. बघितला नसेल तर तसे सांगावे. मी रागावलो म्हणून घरी बसून गोष्ट रचायची आणि बापाच्या गळ्यात मारायची, हे तुला कोणी शिकवले? मी तर नाही.

आणि तुझ्या सासूबाईही लिहितात की त्यांनी पाहिला! क्षणभर मला वाटले, डिचोलीला वेगळे काही दाखवत असतील. चौकशी केली. साऱ्या गोव्याला टॉवर एकच. म्हणजे दोघींनी मिळून म्हाताऱ्याची थट्टा केलीत, असेच मी समजतो.

शिवाय गोष्ट म्हणूनही ती पटत नाही. इतके भाग पाहिले, आपल्या तांडेलाचा स्वभाव मला पाठ झाला आहे. आपले माणूस खाली अडकले आहे, डोळ्यांना दिसते आहे, आणि कोणाशी वाजले एवढ्या कारणावरून हा यान घेऊन वर नुसता उभा राहतो? असला तांडेल असता तर त्याला यानावरच्या लोकांनी कधीच उतरवले असते. मालिका लिहिणारी माणसे इतकी अडाणी नाहीत.

पुढच्या वेळी खरे लिही. खोटे लिहायला तुला जमत नाही, लगेच उघडे पडते.

अण्णा


पार्से, पेडणे
२४ मार्च १९८७, मंगळवार

चि. विनूस, अनेक अनेक आशीर्वाद.

परवाचे माझे पत्र मनावर घेऊ नकोस, ते सर्वस्वी चुकीचे आहे. पंधरा तारखेला भाग लागला होता. आमच्याकडे दिसला नाही, म्हणून मी तो लागलाच नाही असे धरून बसलो. तुझ्या सासूबाईंचीही मी त्या पत्रात नाहक चेष्टा केली, त्यांनी क्षमा करावी.

काल सकाळी तुझे पत्र लाल शाई घेऊन पुन्हा वाचायला बसलो होतो. खूण करायला एकही जागा सापडली नाही. तू इतके शुद्ध कधी लिहीत नाहीस. एकेका शब्दावर किती वेळ बसली असशील, असे मनात आले, आणि मग पत्र शेवटापासून वर, वरून शेवटापर्यंत, कितीदा वाचले ते सांगता येत नाही. बाबली दोनदा हाक मारून गेला. पोस्टात धावत गेलो, तर त्या पत्राची थैली निघून गेली होती. पोस्टमास्तरांनी पाणी दिले.

तर मालिकेविषयी. त्या भागाचा पुढचा भाग पाडव्याच्या आदल्या दिवशी, येत्या रविवारी आहे. गोष्ट मला आधीच समजली आहे, म्हणून लिहितो. तांडेल खाली उतरतो. पहिल्या बसने, म्हणजे पहिल्या यानाने निघतो, म्हापशाला बदलतो. ज्याच्याशी वाजले होते त्याच्या घरी जातो, चपला बाहेर काढतो आणि चार माणसांदेखत त्याची माफी मागतो. तीही त्याच माणसाच्या भाषेत. आपण त्याला जे बोललो ते कोणालाही बोलू नये असे होते, हे तांडेलाला तेव्हाही कळत होते. त्याला हे फार जड जाते. पण चार लोकांसमोर पायाशी आलेल्या व्याह्याला, म्हणजे पाहुण्याला, रिकाम्या हाताने परत धाडणे कोणालाही शोभत नाही, हेही त्याने हेरलेले आहे.

बाईने काहीही बोलायचे नाही. हाताला येईल तेवढे बांधून ठेवायचे.

या भागावर माझे मत. विनू, तांडेलाला फार उशीर झाला. त्याला कोणी उतरवले नाही, हीच त्याच्यावर मेहेरबानी.

तुझा,
अण्णा


पार्से, पेडणे
६ एप्रिल १९८७

सौ. सासूबाईंना विनिताचा नमस्कार.

हे पत्र तुमच्याच हाती पडेल आणि तुम्हीच वाचाल, म्हणून सरळ लिहिते. मामंजींना काय वाचून दाखवायचे ते तुम्ही ठरवा.

इथे पोचल्यापासून अण्णा मला एक काम करू देत नाहीत आणि स्वतःही स्वस्थ बसत नाहीत. विहिरीवर मी गेले तर मागोमाग येऊन उभे राहतात. त्या दिवशी तुमच्या बाल्कावात, दुकानातला विठ्ठल आणि तीन गिऱ्हाइके बघत असताना, अण्णा हात जोडून म्हणाले, "गोकुळदासबाब, म्हजें चुकलें. त्या दिसा हांव जें उलयलों तें उलोवपाक फावो नाशिल्लें." मी दाराआड होते. अण्णांच्या तोंडून कोणाची माफी मी जन्मात ऐकली नव्हती. मामंजी इतके गोंधळले की त्यांनाच बसायला सांगावे लागले. "बसात मास्तर, च्या घेयात," असे म्हणाले आणि चहा आल्यावर, "पाडवो जातकच धाडून दियात." अण्णांनी मान हलवली. चहा पूर्ण प्याले. बसमध्ये म्हापशापर्यंत माझे गाठोडे मांडीवर धरून बसले होते.

पाडवा होऊन गेला. मी येणार नाही.

तुमच्या शेजारचा सगुण बहारीनहून रजेवर आला होता, तो मला देवळाच्या पायऱ्यांवर भेटला आणि खाली बघत सगळे सांगून गेला. तिथे त्या दोघांचे बिऱ्हाड आहे. ती नर्स आहे. तेव्हापासून मी तुमच्याकडे रोज स्वयंपाक केला, पाणी घेऊन बाहेर आले, हसले. मला ह्यांचा राग यायला हवा तेवढा येत नाही, मी त्यांना ओळखतच नाही. मला राग येतो तो त्या जनेलाचा. अजून स्वप्नात तेच पुसते.

एक विचारायचे आहे. तो भाग मी रचला होता. त्या सकाळी सामना होता हे तुम्हाला ठाऊक होते. मी ते पत्र तुमच्या हातात दिले तेव्हा मला वाटले होते, तुम्ही ते मामंजींसमोर ठेवाल, नाहीतर कंटाळून तसेच चिकटवाल. तुम्ही खाली लिहिलेत की मीही पाहिला. असे का लिहिलेत? आणि त्यावरचे अण्णांचे पहिले, रागाचे पत्र मला मिळालेच नाही. त्यात त्यांनी सगळे उघडे केले होते, असे ते म्हणतात आणि कपाळावर हात मारून घेतात. ते कुठे गेले?

तुमची,
विनिता


डिचोली
१४ एप्रिल १९८७

चि. सौ. विनितास विनोदिनीचे आशीर्वाद.

तुझे पत्र मागच्या दारी मिळाले. ह्यांना सांगितले, सून खुशाल आहे, तिच्या बापाला ताप आहे, म्हणून राहिली. अशी पत्रे मी आजवर पुष्कळ वाचून दाखवली आहेत. समोर लिहिलेले एक, तोंडाने वाचलेले दुसरे. इतक्या वर्षांत ते त्यांच्या लक्षात आले नाही.

त्या रविवारी पुरुषमाणसे पुढच्या खोलीत सामना बघत होती आणि आपण दोघी आत मणगण्याची खीर करत होतो, हे मी कसे विसरेन? तू नारळाचा रस काढत होतीस, तुझे लक्ष नव्हते, रस सांडला. तिसऱ्या दिवशी तू पत्र माझ्या हातात दिलेस. मी वाचले. मालिका मला कळत नाही, पण आमचा बाल्काव मला ओळखता येतो. मी न्हाणीत जाऊन बसले आणि पुन्हा वाचले. गौरेशचे आम्हाला जानेवारीतच कळले होते. ह्यांनी सांगितले, ही गोष्ट या भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. मी मान हलवली. मी नेहमी हलवते. तुला कळले आहे हे मला त्या पत्रातून कळले, आणि तू रोज हसून पाणी घेऊन येत होतीस ते आठवून मला माझीच लाज वाटली.

पत्र तसेच धाडले असते तर तुझे वडील म्हणाले असते, पोरीने खोटे लिहिले. मास्तर माणूस, चूक सापडली की तिथेच खूश. मी विचार केला, दोघींनी एकच खोटे लिहिले तर निदान त्यांना प्रश्न पडेल. म्हणून ती ओळ लिहिली. माझे गणित साफ चुकले, ते दोघींवरही रागावले. ते पत्र पोस्टमनने दिले तेव्हा हे दुकानातून आत येत होते. "कोणाचें गो?" विचारले. मी म्हटले, वीज खात्याचे. ते न्हाणीच्या चुलीत घातले आणि त्यावर तुझ्या आंघोळीचे पाणी तापवले. दुसरे आले ते बाल्कावात वाचले. मालिकेचे आल्यावर हे म्हणाले, "तें सोड." मी सोडले. मग ते तुझ्या हातात दिले आणि तुझी ट्रंक पलंगाखालून ओढून पुढे ठेवली. तू माझ्याकडे पाहिलेस. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवे होते. पण गौरेश माझा मुलगा आहे गो, त्याच्याविरुद्ध तोंडाने बोलणे मला जमले नाही. हाताने जमले तेवढे केले.

आता हे घरात नुसते इकडून तिकडे करतात. बाजारात लोक विचारतात, सून कुठे? चतुर्थी जवळ आली की हे मला समोर बसवतील आणि पत्र सांगतील, ते मला आतापासून तोंडपाठ आहे. गौरेश येतो आहे, विमानाची तारीख ठरली आहे, घराचे सगळे विसरून ताबडतोब ये. तू त्यालाही आली नाहीस तर दुसरे सांगतील, की सासू अंथरुणाला खिळली आहे आणि तुझे नाव घेते. मी ते सगळे लिहीन. न लिहून मला या घरात राहता येणार नाही, आणि मला न्यायला येईल असे माझ्या माहेरी आता कोणी उरलेले नाही. अक्षर माझे असेल, सहीही माझीच असेल.

येऊ नकोस. मी खरोखरच अंथरुणाला खिळले असेन तरी पत्र तेच असेल. तेव्हाही येऊ नकोस.

विनोदिनी